पश्चिमेच्या अंगणात एकच खड्डा: पांढरा चाफा लावू की जास्वंद?

भरीतवाला (जळगाव)

नमस्कार मंडळी. घराचं काम एकदाचं आटोपलं. पुढे पोर्चला फरशी, मागे धुण्याची मोरी, म्हणजे मातीची जागा उरली ती फक्त पश्चिमेला. कंपाउंडच्या भिंतीपासून हॉलच्या भिंतीपर्यंत नऊ फूट, लांबी चौदा फूट. त्यातही बोअरची केसिंग आणि चेंबर सोडलं तर धड एकच झाड बसेल. मिस्त्रीने जाता जाता मधोमध तीन बाय तीनचा खड्डा मारून दिलाय. आता त्यात काय घालायचं यावरून घरात पंधरा दिवस वाद चालू आहे.

सौ. म्हणते जास्वंद. घरात गणपतीची मूर्ती आहे, दर चतुर्थीला फुलांसाठी शेजारच्या गल्लीत जावं लागतं आणि तिथल्या काकू हल्ली बघून न बघितल्यासारखं करतात. मला पांढरा चाफा हवा. मामाच्या गावी एरंडोलकडे देवळाच्या पाराला लागून होता, उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पोरं त्याच्याखालीच. शिवाय ही पश्चिमेची भिंत दुपारी तीन ते साडेसहा अशी तापते की रात्री दहाला पंख्याखाली बसलो तरी पाठीमागून तव्याची धग येते. थोडी सावली मिळाली तर बरं.

माती काळी. आत्ता भेगा पडल्यात, पोराचं बोट सहज जातं. पाणी बोअरचं, बादलीला चार दिवसांत पांढरा थर धरतो. नळाचं पाणी येतं, पण दिवसाआड आणि ते प्यायलाच पुरतं. मे महिन्यात पंधरा दिवस आम्ही नाशिकला सासुरवाडीला जातो, तेव्हा घराला कुलूप.

आई म्हणते दोन्ही सोडा, कढीपत्ता लावा. तिचं मत मी तूर्तास बाजूला ठेवलंय. बोला.

तापीकाठची (भुसावळ)

जास्वंद. डोळे झाकून. माझी अकरा वर्षांची आहे, साधी लाल, पाच पाकळ्यांची गावठी. आमच्या भुसावळचा मे म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, त्यातही जिवंत आहे. पाऊस पडल्यावर रोज वीस-पंचवीस फुलं. चाफा हिवाळ्यात नुसता बोडका उभा राहतो, भुताचा हात जमिनीतून वर आल्यासारखा.

वहिनींचं ऐका.

जिभाऊ (धुळे)

भाऊ, तुन्हा प्रश्नमाच उत्तर शे. खारं पानी, मे महिनामा पंधरा दिन कुलूप, आनि जास्वंद? तिले रोज पानी कोन टाकस? कुलूप?

चाफा लाव.

पुणेरी पाहुणा (मूळचा अमळनेर)

चाफाच लावायचा तर सोनचाफा लावा की! संध्याकाळी अख्खी गल्ली घमघमेल. माझ्या पुण्याच्या सोसायटीत आहे, बायका परकर-पोलक्यातल्या वयापासून आठवणी सांगतात त्याच्या.

ठिबक (जळगाव)

@पुणेरी पाहुणा, दादा, नाव चाफा असलं तरी ही दोन घराणी वेगळी. सोनचाफा मॅग्नोलियाच्या कुळातला, त्याला ओलसर हवा आणि मऊ माती लागते. कोकणात तो राजा. आमच्याकडे एप्रिल लागला की त्याच्या पानांच्या कडा करपतात, जसा काही कुणी उदबत्तीने चटका दिलाय. भरीतवाल्यांना हवाय तो पांढरा चाफा, ज्याला कुणी देवचाफा म्हणतं, कुणी खुरचाफा. तो कण्हेर-रुईच्या कुळातला, फांदी मोडली की चीक येतो. हिरवा चाफा, कवठी चाफा, नागचाफा, भुईचाफा, हे आणखी चार निराळे. मराठी माणसाला सुगंध आला की तो चाफा म्हणून मोकळा होतो.

सविस्तर रात्री लिहितो, आत्ता साइटवर आहे.

शाळामास्तर (चोपडा)

ठिबक येईपर्यंत थोडी पदरची भर. देवळापुढे दिसतो म्हणून पांढरा चाफा आपल्याला वेदकाळापासूनचा वाटतो, पण तो मूळ मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडचा. शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञाच्या नावावरून त्याचं शास्त्रीय नाव प्लुमेरिया पडलं. इतका इकडचा झाला की लाओस देशाने त्याला राष्ट्रीय फूल केलं. जास्वंद तिकडे मलेशियाचं राष्ट्रीय फूल आहे, 1960 पासून. म्हणजे भरीतवाल्यांच्या घरातला वाद आंतरराष्ट्रीय आहे.

एक गंमत. चाफ्याच्या फुलात मध नसतो. वास रात्री वाढतो, त्याला भुलून हॉक मॉथ जातीचे मोठे पतंग येतात, एका फुलातून दुसऱ्यात सोंड घालत फिरतात आणि उपाशी परत जातात. तेवढ्यात झाडाचं परागाचं काम होऊन जातं. जास्वंद तशी नाही. तिच्यात मध असतो, शिंजीर पक्षी सकाळीच हजर.

तापीकाठची (भुसावळ)

बघा, फसवणारं झाड देवाला वाहायचं म्हणजे!

ठिबक (जळगाव)

आलो. भरीतवाला, तुम्ही झाड कोणतं विचारताय, पण तुमच्या पोस्टमध्ये झाडापेक्षा महत्त्वाच्या तीन गोष्टी आहेत: काळी माती, बोअरचं पाणी आणि तो मिस्त्रीचा खड्डा.

आधी खड्डा. काळ्या मातीत तीन फुटांचा खड्डा घेऊन त्यात मुरूम, वाळू, शेणखत घातलं की सगळ्यांना वाटतं झाडाचं भलं केलं. होतं उलट. चारही बाजूंची माती पावसात फुगते आणि पाणी झिरपू देत नाही. मधली भर मोकळी असते, त्यामुळे आजूबाजूचं सगळं पाणी त्यात येऊन थांबतं. तुम्ही झाड लावत नाही, जमिनीत पातेलं पुरता. जास्वंद अशा पातेल्यात पिवळी पडून कण्हत राहते. चाफा कण्हतसुद्धा नाही, महिनाभरात बुंध्यापासून मऊ होतो आणि हात लावला की गळून पडतो. चाफ्याला उन्हाने मरताना मी पाहिलेला नाही, जे मेले ते सगळे श्रावणात.

म्हणून खड्डा बुजवा. जमिनीच्या वर दीड फूट उंच, चार-पाच फूट व्यासाचा ओटा करा. निम्मी तुमचीच माती, बाकी मुरूम आणि जाड वाळू, वर थोडं जुनं शेणखत. त्यावर लावा.

आता पाणी. आपली माती चुनखडीची आणि बोअरचं पाणीही त्याच जातीचं. अशा जमिनीत लोह असतं पण जास्वंदीच्या मुळांना ते उचलता येत नाही. मग पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, नकाशावरच्या नद्यांसारख्या. लोक म्हणतात खत कमी पडलं, आणि युरिया टाकतात. खत नको. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, मिळतं, लिटरला दोन-तीन ग्रॅम, त्यात अर्धं लिंबू पिळून संध्याकाळी पानांवर फवारा. पंधरा दिवसांनी परत. फरशीवर उडू देऊ नका, तांबडे डाग जात नाहीत, त्यावरून वेगळा वाद होईल. चाफा असल्या पाण्याला फारशी भीक घालत नाही.

सावलीचं म्हणाल तर पश्चिमेला चाफा हे मला बेस वाटतं. कारण तापीकाठच्या ताईंनी जो दोष सांगितला तोच त्याचा गुण आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी पानं नाहीत, तेव्हा ऊन भिंतीवर येऊ दे की, आपल्याकडे थंडीही कडक असते. मार्च-एप्रिलमध्ये पालवी, आणि मेमध्ये भिंत तापायच्या वेळी पान भरलेलं. पण खरं सांगतो, काडी लावली तर पहिली चार वर्षं तुम्हाला सावली नाही, छत्रीचा दांडा मिळेल. तोवर हिरवी नेट बांधा.

अंतर: मधोमध, दोन्ही भिंतींपासून साडेचार फूट. मुळं वड-पिंपळासारखी पाया उचकटत नाहीत, पसारा मात्र पुढे बारा-पंधरा फुटांचा होतो. एखादी फांदी भिंतीपलीकडे जाणार हे धरून चाला. पलीकडे कोण आहे?

भरीतवाला (जळगाव)

बाप रे, मिस्त्रीला खड्ड्याचे तीनशे रुपये दिलेत. आता बुजवायचे वेगळे.

पलीकडे कुणी नाही. आमचा प्लॉट लेआउटमधला शेवटचा. भिंतीला लागूनच शेत आहे, मागच्या वर्षी कपाशी होती, यंदाही तीच लावणार म्हणतो मालक.

पाण्यावरून आठवलं. कूलरची टाकी दर दोन दिवसांनी रिकामी करतो, ते पाणी झाडाला चालेल ना? तेवढीच बचत.

कपाशीवाला (पारोळा)

थांबा थांबा. भिंतीपलीकडे कपाशी आहे हे तुम्ही आत्ता सांगताय?

भाऊ, जास्वंद ही कपाशीची चुलत बहीण. भेंडी, अंबाडी, कपाशी, जास्वंद, सगळी एकाच भावकीतली. कपाशीचं फूल कधी नीट बघा: पिवळट असतं, पण पाकळ्यांचा पिळ आणि मधला तुरा अगदी जास्वंदीचा. आणि भावकी म्हटली की पाहुणेही तेच. मावा, तुडतुडे, पांढरी माशी, आणि सगळ्यांत वाईट तो पिठ्या ढेकूण. 2005 नंतरच्या दोन-तीन हंगामांत या मिलीबगने देशभर कपाशीवाल्यांना रडवलं. तेव्हा आम्हाला शेताच्या बांधावर शोधायला सांगायचे, काँग्रेस गवत आणि गावातल्या जास्वंदी, दोन्हीकडे तो आधी दिसायचा. पुढे एक बारीकशी गांधीलमाशीसारखी परोपजीवी कीड त्याच्यामागे लागली आणि जोर ओसरला. संपला नाही.

तुमच्याकडे काय होईल सांगतो. पाऊसभर काही नाही. डिसेंबर-जानेवारीत मालक पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, उपटेल, किंवा फरदड ठेवली, म्हणजे त्याच झाडांचा पुढचा बहर घेतला, तर मार्चमध्ये. शेतात हिरवं काही उरलं नाही की त्या किडीला जवळचं हिरवं कोणतं? तुमची जास्वंद. पश्चिमेचा वारा तिकडूनच येणार. एका सकाळी सौ. फुलं तोडायला जातील तर शेंड्याला पांढरा कापूस लागलेला, खाली मुंग्यांची रांग आणि पानांवर चिकटा. मुंग्या त्या चिकट्यासाठी त्याला जपतात, एका झाडावरून दुसऱ्यावर नेऊन सोडतात.

जास्वंद लावूच नका असं नाही म्हणत. पण त्या भिंतीला लागून नको.

ठिबक (जळगाव)

कपाशीवाल्यांनी लाखाची गोष्ट सांगितली. माझा प्रश्न वेगळ्याच कारणासाठी होता.

कूलरचं पाणी अजिबात नको, भो! विचार करा. टाकीत रोज पन्नास-साठ लिटर पाणी उडतं. उडतं ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात, त्यावर तुम्ही परत बोअरचं भरता. दोन दिवसांनी टाकीत उरतं ते आटवलेलं बोअर. माझ्या स्वतःच्या दोन जास्वंदी मी असल्या ‘बचतीने’ घालवल्यात. कडा जळत गेल्या, मला वाटलं ऊन लागतंय, म्हणून आणखी पाणी दिलं. आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याचंही तेच. एसी असेल तर त्याच्या नळीचं पाणी मात्र खुशाल द्या, त्यात क्षार जवळपास नसतात.

शाळामास्तर (चोपडा)

जास्वंदीचाच उपयोग करून पाणी तपासता येईल असं कुणी म्हणायच्या आत सांगतो. लाल पाकळ्या गरम पाण्यात भिजवल्या की जो रंग उतरतो तो आम्लात गडद गुलाबी आणि अल्कलीत हिरवा होतो, सातवीची पोरं खाण्याचा सोडा टाकून करतात. पण बोअरच्या पाण्याने असा ठळक हिरवा येणार नाही. त्यातली अडचण मुख्यतः विरघळलेल्या क्षारांची आहे, त्यासाठी टीडीएस मीटर बरा.

पोरांना मात्र दाखवा, मजा येते.

अंबाडी (नंदुरबार)

मी जरा घाबरत लिहितेय. आमच्याकडे म्हातारी माणसं म्हणतात घराच्या आवारात चाफा नको, तो समाधीपाशी, कबरीपाशी लावतात. कुणी विचार केलाय का?

पुणेरी पाहुणा (मूळचा अमळनेर)

झालं. आता वास्तुशास्त्र सुरू.

जिभाऊ (धुळे)

@पुणेरी पाहुणा, असं फटकन बोलू नको बाबा, ती बहीण नीट विचारी राहिनी.

ताई, मन्ही माय पन हाईच म्हने. मी तिला विचारलं होतं, कबरीपाशी का लावतात? ती म्हणे तिथं पाणी घालायला कोण जातंय रोज. मी पुढे आयुष्यभर पाटबंधाऱ्याच्या नोकरीत हिंडलो, साक्री, शिरपूर, तळोदा, कुठे कुठे. देवळाचा ओटा असो की दर्ग्याचं आवार, चाफा तिथंच जिथं माणूस नेमाने पाणी घालत नाही. मायचं म्हणणं मला पटलं ते पटलंच. माझ्या घरी अंगणात 28 वर्षांपासून चाफा आहे आणि त्याच्याखाली तीन नातवंडं मोठी झाली.

नातवंडांवरून एक सांगतो. फांदी ठिसूळ असते, पोरांना चढू देऊ नका. मेअखेरीच्या वादळात, जेव्हा रावेर-यावलकडे केळी आडवी होते, तेव्हा माझ्याही एक-दोन फांद्या जातात. आणि चीक डोळ्यात जाऊ देऊ नये, फार चुरचुरतं. जास्वंदीचं तसं काही नाही, तिचं फूल पोरानं खाल्लं तरी चालतं.

तापीकाठची (भुसावळ)

मी पहिल्यांदा जरा घाईत लिहिलं. भिंतीपलीकडे कपाशी, मेमध्ये कुलूप, हे धरलं तर पश्चिमेला जास्वंद नको हे मलाही मान्य. माझी पूर्वेला आहे, अकरा वाजेपर्यंतचं ऊन घेते आणि मग घराची सावली. मेमध्ये सकाळ-संध्याकाळ पाणी घालते, एक वेळ चुकली तर कळ्या उमलायच्या आधीच टपाटप खाली. हे मी ‘जिवंत आहे’ या दोन शब्दांत गुंडाळलं होतं.

पण वहिनींना फुलं हवीत त्याचं काय? चाफ्याचं फूल देवाला चालतं, पण चतुर्थीला लाल जास्वंद ती लाल जास्वंद. तर पोर्चमध्ये, पूर्वेकडे, मोठ्या कुंडीत लावा. अठरा इंची तरी हवी, जुना ड्रम अर्धा कापलात तर उत्तम. कुंडीला नळाचं दोन तांबे पाणी द्यायला जड जाणार नाही.

रोप घेताना एवढं लक्षात ठेवा. मागे एका नर्सरीतून मी ताटलीएवढ्या फुलाची केशरी-जांभळी कलमी जास्वंद आणली. साडेतीनशे रुपये. नर्सरीवाला म्हणाला काही करावं लागत नाही. खरंच काही करावं लागलं नाही, एप्रिलच्या 20 तारखेला ती स्वतःहून गेली. गावठी लालची काडी कुणाकडूनही मागा, पावसाळ्यात पेन्सिलीएवढी जाड काडी खोचली की लागते. फूल नव्या फुटव्यावर येतं, म्हणून थंडी सरता सरता शेंडे छाटायचे. ऐन उन्हात कात्री लावायची नाही.

आणि वहिनींना सांगा, उद्या उमलणारी टपोरी कळी आदल्या संध्याकाळी तोडून ओल्या फडक्यात फ्रीजमध्ये ठेवायची. सकाळी बाहेर काढली की देवापुढे उमलते. एकाच दिवसाचं फूल, पण असं मागेपुढे करता येतं.

केळीचा घड (सावदा)

मी एवढंच सांगायला आलो की ओट्यावर आच्छादन घाला. केळीची वाळकी पानं पाहिजे तेवढी देतो, आमच्याकडे उचलायला माणूस मिळत नाही. चाफ्याच्या बुंध्याला चिकटू देऊ नका फक्त, वीतभर जागा सोडा.

आणि भरीतवाला, वांगी बामणोदची आणता की असंच नाव?

भरीतवाला (जळगाव)

बामणोदचीच! नाहीतर मित्रमंडळी ताटावरून उठतील.

सगळ्यांचे आभार. घरात धागा मोठ्याने वाचून दाखवला. तापीकाठच्या ताईंचं कुंडीचं ऐकून सौ. खूश. आईला विचारलं तर म्हणाली, म्हणजे कढीपत्त्याला कुणी विचारलंच नाही.

फांदी कशी आणायची? मामाच्या गावी तो चाफा अजून आहे.

जिभाऊ (धुळे)

हाताच्या मनगटाएवढी नको, अंगठ्याहून जाड, दीड-दोन हात लांब घ्या. घाई असेल तर दोन-तीन तोंडांची चार-पाच फुटी फांदीही लागते, पण काठीला बांधावी लागते. पानं सगळी काढायची. चीक धुऊन फांदी सावलीत उभी ठेवायची, आठ-दहा दिवस, कापलेलं तोंड कोरडं खडखडीत होईपर्यंत. ओल्या तोंडाने लावली की सडते. खरा काळ फेब्रुवारी-मार्च, पालवीच्या आधी. लावल्यावर पाणी जवळजवळ नाहीच. पान फुटलं म्हणजे मूळ धरलं असं समजू नका, ती फांदीतल्या साठ्यावर पानं काढते.

भरीतवाला (जळगाव) · चार महिन्यांनी

शिव्या खायला आलोय.

फेब्रुवारीची वाट बघायला धीर नव्हता. जूनमध्ये मामाकडून फांदी आणली, आठ दिवस सुकवली, इथपर्यंत सगळं जिभाऊंच्या सांगण्यानुसार. पण खड्डा तयार होता आणि तीनशे रुपये डोळ्यांसमोर होते. एक ट्रॉली मुरूम टाकून त्यातच लावली. पंधरा दिवसांत पानं फुटली, फोटो काढून स्टेटसला ठेवले. श्रावणात कानबाईच्या सणाच्या रविवारी पाहुणे आले होते, त्यांना कौतुकाने दाखवायला गेलो, पान जरा सरळ करायला हात लावला आणि अख्खी फांदी माझ्या हातात आली. खालचं टोक पिकलेल्या केळासारखं. वास सांगत नाही. खड्ड्यात बोटभर पाणी उभं होतं, पाऊस उघडून तीन दिवस झाले होते तरी.

ड्रममधली जास्वंद मात्र जोरात आहे. काडी शेजारच्या गल्लीतल्या काकूंनीच दिली, बहुधा आमचं येणं बंद व्हावं म्हणून.

ठिबक (जळगाव)

पातेलं.

भरीतवाला (जळगाव)

हो. पातेलं. मान्य.

कपाशीवाला (पारोळा)

फांदी गेली त्याचं फार वाटून घेऊ नका, आम्ही एकेका पावसात एकेक एकर घालवतो. जास्वंदीवर डिसेंबरपासून नजर ठेवा. शेंड्याला पांढरं दिसलं की तो शेंडा तोडून पिशवीत बंद करून टाकायचा, शेताकडे भिरकवायचा नाही. बाकी झाडाला पाण्याचा जोरात फवारा, मग लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि चार थेंब भांड्याचा साबण, आठवड्याने परत. मुंग्यांची वाट तोडा. ड्रम विटांवर उचलून ठेवा.

भरीतवाला (जळगाव) · पुढच्या वर्षी, जून

धागा वर काढतोय.

फेब्रुवारीत खड्डा बुजवला, ओटा केला, नवी फांदी लावली. मेमध्ये सोळा दिवस नाशिकला होतो. निघताना चाफ्याला काहीच केलं नाही, हिंमत करून. ड्रमला पोराने दोन लिटरच्या बाटलीच्या बुचाला भोक पाडून ठिबक केलं होतं, आणि एक दिवसाआड बाटली भरायला काकूंना किल्ली दिली होती.

परत आलो तेव्हा संध्याकाळचे साडेसात झाले होते, फाटकाला हात लागला की भाजत होतं. ओटा दगडासारखा कोरडा. फांदीला अकरा पानं, मी मोजली, आणि मधल्या शेंड्याला एक गुच्छ, त्यात चार फुलं उमललेली. कळलं ते आधी वासावरून, लाइट नंतर लावला. जास्वंदीच्या कळ्या सगळ्या खाली पडलेल्या, झाड जिवंत. काकू म्हणाल्या त्यांनी रोज भरली बाटली. सौ. म्हणते, भरली असेल, पण फुलंही रोज नेली असतील.

मिलीबग मार्चमध्ये आला होता, पऱ्हाट्या उपटल्यावर बरोबर नवव्या दिवशी. कपाशीवाल्यांना मनापासून नमस्कार. दोन फवारण्यांत आटोक्यात.

अंबाडी (नंदुरबार)

वाचून बरं वाटलं. मीही लावला, मोठ्यांना विचारूनच. एक विचारायचं होतं, मागच्या भादव्यात आमच्या चाफ्याच्या पानांखाली नारिंगी पूड आली होती, बोटाला लागते हळदीसारखी. काय असतं ते?

ठिबक (जळगाव)

तांबेरा. दमट हवेत येतो. अशी पानं तोडून लांब नेऊन जाळा, खाली पडलेलीही वेचा, आणि पाणी देताना पानांवर उडवू नका. थंडीत झाड पानं गाळणारच आहे, त्यामुळे मरत नाही, फक्त बोडकं महिनाभर आधी होतं.

जिभाऊ (धुळे)

ताई, फेब्रुवारीमा मन्हाकडची छाटणी शे. लाल, पांढरा, दोन्ही शेत. कोनले फांदी पाहिजे व्हई त्यासनी सांगा, भरीतवालाना घरलेच ठेवसू, त्याना ओटा मोठा शे.

भरीतवाला (जळगाव)

ठेवा जिभाऊ. फक्त आईला कळू देऊ नका, उरलेल्या जागेत परवाच तिने कढीपत्ता लावलाय.